हसवलेला हात

शेफालीच्या तोंडून स्वतःचंच वाक्य ऐकलं आणि रत्नाच्या बोटांतली बांगडी वाढली. फुटली असं म्हणायचं नसतं, कासाराच्या घरात तर नाहीच; बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, दुकानसुद्धा रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण. पण आज तुकडे गादीवर पडले तेव्हा रत्नाच्या मनात सरळ आलं, फुटली. आणि ते वाक्य तसंच समोर बसून राहिलं, शेफालीच्या मांडीला मांडी लावून.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना," शेफाली परत म्हणाली, "जिच्यावर असलं काही गुदरतं ती बाई बारा-बारा बांगड्या भरून हसत जाते होय? अख्खं उत्रोली बोलतंय. भोरच्या कासारीणबाईंनी डोळ्यांनी बघितलंय म्हणून."

"म्हनले असंन," रत्ना म्हणाली.

"असंन नाही, म्हणालात. आज तीनला त्या पोलीस मॅडम येणारेत तुमच्याकडं, जबाबाला. तेव्हा तेच सांगा. जास्त नको, कमी नको. जे बोललात तेवढंच."

ते तेवढंच. रत्नाने खाली मान घालून तुकडे वेचले आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकले. त्या डब्यात वर्षभराची काच साठते, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. आणि आषाढात नीरेला पाणी चढलं की पुलावरून ती सोडायची असते. बापाच्या वेळेपासून तसंच. संक्रांत चार दिवसांवर होती, बाजारपेठेत तिळाचा वास होता, समोरच्या गल्लीतून एसटीचा भोंगा वाजत होता आणि दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात तिचा नवरा सावळाराम दोऱ्यात बांगड्या ओवत होता. सगळं कालच्यासारखं. फक्त ते वाक्य फिरून फिरून, माणसा-माणसाच्या तोंडातून ओलं होऊन परत आलं होतं, गावभर चरून संध्याकाळी आपोआप दावणीला येणाऱ्या गाईसारखं. गाय आपलीच. ओळख पटत होती. नाकारता येत नव्हती.

शेफालीचा हात तिने परत हातात घेतला. सोमनाथची बायको. उत्रोलीला सोमनाथची भाताची गिरण. सुगीत तिथं रांगा लागतात. शेफालीला सव्वादोनाच्या मापाची बांगडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. आज जाईना. अंगठ्याच्या मुळाशी रत्नाने दाब दिला, तळहात दुमडला, साबणाचं पाणी लावलं, हाडं मिटेनात. हात दगड झाला होता. बाहेरून सगळी बाई नीट बसलेली, पदर नीट, केस नीट, बोलणं नीट, आणि हात तेवढा ऐकत नव्हता. रत्नाला हातांची भाषा येते. तेवढीच येते. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांचे हात धरून बसली आहे. बाया तोंडाने काय सांगतात त्याकडे तिचं लक्ष नसतं, कुठल्या वेळी बोटं आखडतात त्याकडे असतं. सासूचं नाव निघालं की आखडतात. माहेरचं निघालं की सुटतात. आत्ता गिरणीचं नावही निघालं नव्हतं.

"ढिला सोडा की वैनी हात."

"सोडलाय की."

"न्हाई सोडलेला."

शेफाली रस्त्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "भरा तशाच. दुखू दे."

एका हातात भरून दुसरा मोकळा ठेवून बाईला उठवता येत नाही. रत्नाने भरल्या. दर बांगडीला शेफालीच्या डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते काचेमुळे आलं असं म्हणायला जागा होती. अशा वेळी काय करायचं असतं ते रत्नाच्या बापाने, रखमाजी कासाराने, तिला नवव्या वर्षी शिकवलं होतं: हात दाबू नको पोरी, बाईला हसव. हसली की खांदा उतरतो, खांदा उतरला की मनगट सुटतं, मनगट सुटलं की बांगडी आपली आपण जाती. जोर कासाराच्या बोटात नसतो, जिभेत असतो. बापाकडे दहा-बारा विनोद होते, गावोगाव तेच, पालीपासून वेल्ह्यापर्यंत; म्हाताऱ्यांसाठी वेगळा, लेकुरवाळीसाठी वेगळा, नव्या नवरीसाठी वेगळा. रत्नाने तेच चालवले. आज शेफालीसमोर तिची जीभ विनोदापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरून माघारी आली. कारण गेल्या शनिवारी ह्याच गादीवर, ह्याच जागी, तोच विनोद तिने राजनंदिनीला सांगितला होता.

शेफाली गेली. जाताना पाया पडायची रीत, ती विसरली. की टाळली.

शनिवारी सकाळी दहाचा सुमार. उत्रोलीची धोंडाबाई पुढं, तिची सून राजनंदिनी मागं. धोंडाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. राजनंदिनी सोमनाथच्या गिरणीत कोंडा झाडायला जायची हे रत्नाला माहीत होतं, कारण मागच्या श्रावणात बांगड्या भरताना तिच्या नखांत तूस होतं आणि ती लाजली होती. दोन वर्षांची लग्नाची, बावीसेक वर्षांची, बोलकी. त्या दिवशी ती बसली आणि तिने दोन्ही हात पुढं केले, आणि दोन्ही मोकळे होते. सवाष्णीचे मोकळे हात रत्नाला अजूनही बघवत नाहीत. ते कुणी शिकवावं लागत नाही. "वाढल्यात व्हय गं?" तिने विचारलं होतं. उत्तर धोंडाबाईने दिलं. "वाढल्यात. फुटक्या नीरेत सोडून आले आत्ताच. काच उंबऱ्यात नको. सरकारी जागंत जायचंय, पोलीस चौकीत. मोकळ्या हातानं सवाशीन कुठं न्यायची, लोकं काय म्हंतील? भर बारा-बारा. हिरव्याच भर."

लोकं काय म्हणतील. तेच तर म्हणाले लोक, बारा-बारा भरल्या म्हणून.

रत्ना उठून दुकानाच्या तोंडाशी आली, परत बसली. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. म्हणजे तीन वाजायला अजून दोन तास. धोंडाबाईने आयुष्यभर जे पाळलं तेच त्या दिवशी पाळलं. घरावर आकाश कोसळलं तर आधी सुनेचे हात झाकावेत, मग आकाशाकडे बघावं. आणि ज्या काचा पोलिसांना दाखवायच्या होत्या त्या तिने स्वतःच्या पदरात गोळा करून, नदीत उतरून, हात जोडून पाण्यात सोडल्या. बाहेरच्या माणसाला हे कसं सांगावं? बाहेरचं माणूस म्हणजे तरी कोण? रत्ना काय पुण्याची होती का? तिला तर सगळं ठाऊक होतं. ओलं लुगडं तिने बघितलं होतं. डाव्या मनगटावर, हाडाच्या जरा वर, काचेचे दोन बारीक कण रुतलेले तिने बघितले होते. चिमट्याने काढले तेव्हा रक्ताचा थेंब आला, तिने हळद दाबली. आणि उजव्या मनगटाभोवती वळ. चार बोटांचे, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा. बांगड्या तिथवर सरकल्या की ते झाकले जात होते. भरताना तिच्या मनात आलंही होतं, बरं झालं, झाकलं. हे आलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या भाजीवाल्या सखूबाईला नाही, सावळारामला नाही. स्वतःला सुद्धा आत्ताच, पायरीवरचं ऊन बघताना.

आई जात्यावर म्हणायची त्यातली एक ओवी रत्नाला अर्धीच यायची. आई पहिली ओळ म्हणून थांबायची, मूठभर दाणे घालायची, आणि जात्याच्या घरघरीत दुसरी ओळ विरून जायची.

हात दिला कासारा, हात दिला इसाव्याला...

पुढं काय होतं? विसाव्याला दिला, मग? आज ती ओळ सारखी येत होती आणि सारखी तिथंच अडकत होती, सव्वादोनाच्या हातात दोनाची बांगडी अडकावी तशी.

हसली तेवढं सांगितलं, ते त्या शनिवारीच संध्याकाळी, सखूबाईला. तोवर बाजारात कळलं होतं की उत्रोलीच्या धोंडाबाईच्या सुनेने सोमनाथवर तक्रार दिली. सखूबाई कोथिंबीर निवडत म्हणाली, "सोमनाथ? अगं, जत्रंला भंडारा घालनारा मानूस तो." आणि रत्ना म्हणाली. किती सहज म्हणाली. जशी आतून ठरवून बसली होती. "सकाळी माज्याकडंच आल्ती की. बारा-बारा भरल्या, हासली काय, पाया पडली काय. जिच्यावर असलं गुदरतं ती बाई अशी हासत जाती व्हय?" सखूबाईने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली होती आणि रत्नाला एकदम हलकं वाटलं होतं. ते हलकेपण तिला नीट आठवतं, घाटातून उतरल्यावर कान सुटावेत तसं. हलकं का वाटलं? सोमनाथच्या टेम्पोतून दोन वेळा सावळारामला पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं, करोनाच्या वर्षी, कुणी दारात उभं राहत नव्हतं तेव्हा, ते एक. पण तेवढ्याने माणूस इतकं हलकं होत नाही. तिच्या मनात एक बाई होती. कधीपासून होती कुणास ठाऊक, लहानपणी तंबूत पाहिलेल्या सिनेमांतून, भांडी घासतानाच्या गप्पांतून आलेली: केस सुटलेले, पदर जमिनीवर, डोळे विहिरीकडे. जिच्यावर गुदरतं ती तशी. ती जेवत नाही, एसटीत बसत नाही, मापाची बांगडी मागत नाही. तशी बाई रत्नाने आयुष्यात एकही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. आणि हजार हात धरलेल्या तिने, समोरचा खरा हात बाजूला सारून, त्या न पाहिलेल्या बाईचं माप घेतलं होतं. ती अशी, ही तशी नाही. म्हणून काही झालेलं नाही. म्हणून मी जे चिमट्याने काढलं ते काहीच नव्हतं. झालं. हलकं.

मग ते वाक्य पाण्यात सोडल्यासारखं वाहत गेलं. उत्रोलीच्या बायांच्या मोबाईलवर गेलं. त्यातली कासारीण बघता बघता साक्षीदार झाली.

"काय ढवळाढवळ चाललीय डब्यात?" मागून सावळारामने विचारलं.

रत्नाने डबा गादीवर ओतला होता. हिरवी काच, लाल काच, मोतिया, सोनेरी बुंदक्यांची. आषाढापासून कुणाकुणाच्या हातावर, तिच्याच बोटांत वाढलेली. शनिवारचे ते दोन कण ह्यातच होते. चिमट्यावरून तिने ह्यातच झटकले होते. श्रावणात तिनेच भरलेल्या बांगड्यांचे ते. हिरवी काच, बारीक सोनेरी रेघ. पण हिरवे तुकडे शेकड्याने होते. बोटांनी सारून ती बघत राहिली, तेवढ्यात एक तिच्याच बोटात गेला.

"तिचं शोदत हुते," ती म्हणाली.

"कुनाचं?"

"उत्रोलीच्या पोरीचं."

सावळारामच्या हातातला दोरा थांबला. मग तो म्हणाला, "तवा टेम्पो नसता तर म्या नसतो हितं."

"ठावं हाय."

"मंग?"

रत्नाने बोट तोंडात घातलं. मग काय ते तिला तरी कुठं ठाऊक होतं. टेम्पो खरा होता. सोमनाथने स्वतः चालवला होता, तोंडाला रुमाल बांधून. वळही खरे होते. एकाच माणसाच्या हाताने दोन्ही केलेलं असतं, असं मनाला धरवत नव्हतं. मन सारखं त्यातलं एक खाली टाकू बघत होतं, आणि शनिवारी संध्याकाळी त्याने जे टाकायला सोपं तेच टाकलं होतं.

भिंतीवर तिच्या लग्नातला फोटो आहे. गिऱ्हाइकांना फार आवडतो, सावळारामलाही. मांडवात रखमाजी कासार स्वतःच्या लेकीला चुडा भरतोय आणि नवरी खुलून हसतेय, सगळे दात दिसतायत. "किती आनंदात हुता वो तुमी," बाया म्हणतात. त्या दिवशी ती पहाटेपासून रडत होती. दहावीची परीक्षा दीड महिन्यावर होती, वह्या माळ्यावर टाकल्या होत्या, आणि नवऱ्याला तिने एकदाच बघितलं होतं, पाठमोरा. हात असा आवळला होता की बाप दमला. मग बाप कानाशी वाकून म्हणाला तो विनोद. नवरीचा. आणि ती हसली. तिचं ती हसली नाही. खांद्याने, छातीने, शरीराने परस्पर हसून टाकलं, शिंक यावी तसं. तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं. पंचेचाळीस वर्षं त्या भिंतीवर ती आनंदात आहे. सावळाराम वाईट निघाला नाही, संसार झाला, तो वेगळा भाग. पण त्या घडीचा हा कागद खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे सांगू शकणारं एकच माणूस जगात उरलंय, तेही रोज त्याच्याखाली बसून गप्प असतं.

राजनंदिनीही तशीच हसली. आधी हात ढिला सोडेना. धोंडाबाई घाई करत होती. रत्नाने बघितलं, पोर पांढरी पडलीय, काच मनगटावर घासतेय, आणि तिने केलं ते कासाराने करावं तेच केलं. पोर हसली. मध्येच, फिसकन, आणि हसू थांबल्यावर तिने रत्नाकडे असं बघितलं होतं की... कसं? रत्ना आजवर त्या नजरेपाशी गेली नव्हती. आत्ता गेली. चोरी पकडली गेल्यासारखं. आपल्याच हसण्याला भ्यालेलं. त्या पोरीच्या मनातही तीच न पाहिलेली बाई असणार, केस सुटलेली. आणि तिनेही तेव्हा स्वतःचं माप तिच्याशी लावून बघितलं असणार.

पोलीस मॅडम तीनला नाही, पावणेचारला आल्या. तिशीच्या, दमलेल्या, हेल्मेट काखेत. सखूबाईने आपली टोपली दुकानाच्या बाजूला जरा सरकवून घेतली. मॅडमनी चहाला नको म्हटलं, गादीच्या कडेवर बसल्या, कागद मांडीवर घेतले.

"बाई, थोडक्यात सांगा. शनिवारी ती तुमच्याकडं आली होती?"

"आल्ती."

"बांगड्या भरल्या?"

"बारा-बारा."

"आणि हसत होती. असं तुम्ही लोकांना सांगितलंय." मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "खरं सांगू? मलाही तेच उमगत नाही. तक्रारीला निघालेली बाई आधी बांगड्या भरते, हसते. वकील हेच विचारणार. हसली की नाही, एवढं हो किंवा नाही सांगा."

"हासली."

मॅडम लिहायला लागल्या. मागं दोरा परत सळसळू लागला होता. रत्नाला वाटलं, झालं की. खोटं तर काही बोलले नाही. उठतील, जातील, शेफाली संक्रांतीचं वाण घेऊन येईल, टेम्पोचं ऋण फिटेल आणि भिंतीवरची नवरी हसत राहील. कागदावर शब्द उमटताना तिला दिसत होता, हसली. एवढासा. बाजूला केवढी कोरी जागा.

"म्या हासवली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिची ती न्हाई हासली. म्या हासवली."

मॅडमनी वर बघितलं. "हसवली म्हणजे काय? हे कसं लिहू मी? कुणी हसवलं म्हणून माणूस हसतं का असल्या वेळी?"

"हात द्या."

"अहो बाई, मी ड्युटीवर आहे."

"द्या तर."

मॅडमचा हात मोठा होता, बोटं राठ, मनगटावर घड्याळाचा पट्टा. रत्नाने डबीतून हिरवी बांगडी घेतली आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. हात आखडला. मॅडमनी ओठ दाबले, कपाळाला आठी आली, हात मागं घ्यायला लागल्या. रत्नाने सोडला नाही. बापासारखी कानाशी वाकली, आणि बापाच्याच लयीत, चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाली, "घट बसली म्हून रुसू नगं बाई. नवऱ्यापरीस बांगडी बरी. हाताला दोघंबी धरत्यात, पर बांगडी निदान मंजूळ बोलती."

मॅडमना हसू फुटलं. मोठ्यांदा, नाकातून, त्यांनाच न विचारता. खांदा उतरला, मनगट सुटलं आणि बांगडी हाडावरून सर्रकन आत गेली.

"अशी," रत्ना म्हणाली. "अशीच हासली ती."

मॅडमचं हसू तोंडावर तसंच अर्धं राहिलं, मग विझलं. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. सखूबाई भाजीवर पाणी मारायची थांबली होती. मागं दोराही थांबला होता, आणि रत्ना आता तो परत सुरू व्हायची वाट बघत नव्हती. आईची ती दुसरी ओळ तिला आठवली नाहीच. पण जिथं ती अडकत होती तिथून तिची तीच पुढं सरकली, आतल्या आत, कुणाला ऐकू न जाता.

हात दिला कासारा, हात दिला इसाव्याला
मनगटाचं दुखनं न्हाई इचारलं कुनी त्याला

"डाव्या मनगटात काच हुती," ती म्हणाली. "दोन कन. म्या काडले. ह्या डब्यात हायत, पर आता निवडून द्याया यायचं न्हाई. उजव्या मनगटाला वळ हुते. चार बोटांचे, आन हितं अंगठ्याचा. माज्यापरीस मोठा हात. लोकांस्नी म्या ह्यातलं काय बोलले न्हाई. निस्तं हासली तेवढं बोलले. तेबी लिवा."

"हे पण लिहू? तुम्ही लपवलं ते?"

"लिवा."

मॅडमनी पहिला कागद उलटा करून बाजूला ठेवला आणि नवा घेतला. लिहायला हात टेकवला तशी ती एकटी बांगडी घड्याळाला लागून वाजली. त्यांनी ती काढली नाही.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "त्या दुकानात आल्या तेव्हापासून."

"लुगडं ओलं हुतं धोंडाबाईचं," रत्ना म्हणाली, आणि सांगू लागली.